सगळी सहल एकाच खुंटीला

रोमच्या तेर्मिनी स्टेशनात मेट्रोची दारं मिटतात. आत वीस वर्षांची मुलगी आणि तिचा सातवीतला भाऊ. बाहेर फलाटावर आई, बाबा आणि आजी. काचेतून मुलगी हातवारे करते. आईला वाटतं, ‘थांबा’ म्हणतेय. बाबांना वाटतं, ‘मागून या’ म्हणतेय. गाडी बोगद्यात शिरते आणि तिच्याबरोबर नकाशा, म्युझियमची तिकिटं, हॉटेलचा पत्ता, इंटरनेट, इतकंच काय पण ‘यात मांस नाही ना?’ हे इटालियनमध्ये कसं विचारायचं ते वाक्यसुद्धा निघून जातं. ते सगळं मुलीच्या फोनमध्ये असतं.

मुलगी पुढच्या स्टेशनात, रेपुब्लिकाला, उतरते आणि उलट्या गाडीने तेर्मिनीला परत येते. तोवर बाबांनी आई आणि आजीला पुढच्या गाडीत चढवलेलं असतं. आता हे तिघं रेपुब्लिकाला आणि ती दोघं तेर्मिनीला. बाबांच्या खिशात फोन आहे, पण रोमिंगचं बिल येऊ नये म्हणून तो फ्लाइट मोडवर टाकलेला. इंटरनेटचं सिम एकच घेतलं होतं, कारण ‘आपण सगळे बरोबरच तर असणार!’

हे कुटुंब डोंबिवलीचं समजा, नाशिकचं समजा, कोथरूडचं समजा. ते कल्पनेतलं आहे. त्यांच्या वाट्याला येणारे घोटाळे मात्र रोमच्या खऱ्या नियमांतून आणि आपल्या खऱ्या सवयींतून आलेले आहेत. परदेशातल्या फजितीचे किस्से आपण घरी आल्यावर रंगवून सांगतो आणि खापर नशिबावर, त्या शहरावर किंवा ‘तिकडच्या लोकांवर’ फोडतो. प्रत्यक्षात बहुतेक घोटाळ्यांचं मूळ घरातच असतं. पाच माणसांची सहल एका माणसावर आणि त्या माणसाच्या एका फोनवर टांगलेली असते.

ही सवय कुठून आली ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. मराठी मध्यमवर्गाने युरोप पाहिला तो मुख्यतः टूर कंपन्यांच्या बसमधून. त्या बसमध्ये टूर लीडर नावाचा एक सर्वज्ञ असायचा. तिकिटं त्याच्याकडे, हॉटेलच्या खोल्यांची यादी त्याच्याकडे, ‘दहा मिनिटांत बसमध्ये या’ हा हुकूम त्याचा आणि रात्रीच्या वरण-भाताची व्यवस्थाही त्याचीच. प्रवाशाने फक्त टोपी घालून त्याच्या झेंड्यामागे चालायचं. यात वाईट काही नव्हतं. इंग्रजीची धास्ती असलेल्या, आयुष्यात एकदाच एवढा खर्च करणाऱ्या हजारो आजी-आजोबांनी त्या झेंड्यामागूनच आयफेल टॉवर पाहिला. पण तो माणूस त्या कामाचा पगार घेत होता, त्याच शहरात दहाव्यांदा आलेला होता आणि त्याच्या पाठीशी मुंबई-पुण्यातलं एक अख्खं ऑफिस होतं.

आता कुटुंबं स्वतःची स्वतः जाऊ लागली आहेत, आणि ते चांगलंच आहे. मीना प्रभूंनी ‘रोमराज्य’चे दोन भाग लिहिले ते झेंड्यामागे चालून नव्हे. त्यांच्या पुस्तकांनी अनेक घरांना हिंमत दिली. गंमत एवढीच की आपण टूर कंपनी सोडली, टूर लीडर सोडला नाही. घरातल्या एका पोरीला तो बिल्ला लावून टाकला. तोही बिनपगारी. वर चूक झाली की तिलाच बोलायचं: ‘तूच म्हणालीस ना, दहा वाजताचं बुकिंग आहे!’

दहा वाजताचं बुकिंग होतं व्हॅटिकन म्युझियमचं. ताटातूट संपवून पाचही जण व्हॅटिकनला पोचले तेव्हा समोर सेंट पीटर्स चर्चचा भव्य चौक, खांबांची दुहेरी-चौहेरी रांग आणि माणसांची त्याहून लांब रांग. बाबांनी रांग धरली. रांग दिसली की आधी नंबर लावायचा, कशाची आहे ते मग विचारायचं, हे रेशनच्या काळापासून आपल्या अंगात भिनलेलं आहे. पाऊण तासाने सुरक्षा तपासणीपाशी कळलं की ही रांग चर्चची. चर्चला प्रवेश फुकट आहे, म्युझियमशी या दाराचा संबंध नाही. म्युझियमचं दार व्हॅटिकनच्या भिंतीला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला, चालत पंधरा-वीस मिनिटांवर. व्हॅटिकन हा 1929 पासून स्वतंत्र देश आहे, त्याचं क्षेत्रफळ अवघं 44 हेक्टर. एवढ्याशा देशात चुकीच्या दाराशी उभं राहून पाऊण तास घालवता येतो, हे मान्य करायला हवं.

दाराचा पत्ता तिकिटावर छापलेला होता. पण तिकीट वाचलं होतं एकीनेच, तेही दोन महिन्यांपूर्वी, रात्री एक वाजता. प्रत्येकाच्या हातात त्याचं तिकीट असतं तर पाचांतल्या एकाने तरी ‘अगं, इथे पत्ता वेगळाच दिसतोय’ म्हटलं असतं. सातवीतला मुलगा तर नक्कीच म्हणाला असता. त्या वयातली मुलं मोठ्यांच्या चुका काढायला टपलेलीच असतात. त्या गुणाचा उपयोग करून घेणारं कुटुंब विरळा.

मग कपड्यांचा प्रश्न. व्हॅटिकनमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चर्चमध्येही आणि म्युझियममध्येही. नियम जुना आहे, लिहिलेला आहे आणि बायकांइतकाच पुरुषांनाही लागू आहे. उन्हाळ्यामुळे बाबांनी हाफ पँट घातली होती. आजी सहावारी साडीत. आयुष्यभर ‘परदेशात साडी कशाला, अवघडल्यासारखं होईल’ असं ऐकून घेतलेल्या आजी या एकाच दारातून विनाअडथळा आत गेल्या, आणि जावयाला त्यांच्या शालीची लुंगी करून नेसावी लागली. सूचना मुलीला माहीत होती. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने ती टाकलीही होती, वीस सूचनांपैकी चौदावी म्हणून. बाबांनी अंगठा दाखवून ‘वाचलं’ असं कळवलं होतं.

सिस्टीन चॅपलमध्ये फोटो काढायला बंदी आहे. मायकेलॅन्जेलोने 1508 ते 1512 या काळात रंगवलेल्या त्या छताखाली रखवालदार फोन दिसला की हटकतात. त्या दिवशी मुलीने फोन पर्समध्ये टाकून मान वर केली ती तिथेच. त्याआधी आणि त्यानंतर तिची मान खालीच होती: नकाशा, पुढचं बुकिंग, बॅटरी किती उरली, शाकाहारी जेवण कुठे. तिच्या वाट्याचं रोम म्हणजे सहा इंचांचा पडदा. आईबाप कौतुकाने म्हणतात, ‘आमची मुलगी सगळं बघते!’ तेवढंच ती बघत नाही.

दुपारी स्पॅनिश स्टेप्स. तीनशे वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या देखण्या पायऱ्यांवर आजी टेकल्या, कारण पायऱ्या दिसल्या की गुडघ्यांना बसावंसं वाटतं. घाट म्हणू नका, देवळाच्या पायऱ्या म्हणू नका, आपल्याकडे पायरी ही बसायचीच जागा. देवदर्शनानंतर क्षणभर पायरीवर टेकायची तर रीतच आहे. पर्समधून थालीपिठाचा डबा निघाला. डबा उघडायच्या आत शिट्टी वाजली. 2019 पासून या पायऱ्यांवर बसायला मनाई आहे, दंड 400 युरोंपर्यंत जाऊ शकतो. एक युरो सध्या शंभर रुपयांच्या घरात धरला तर चाळीस हजारांचं थालीपीठ! पोलिसाने शिट्टीवरच भागवलं, बहुतेकदा भागवतात. आजी मात्र दचकल्या त्या दचकल्याच. ‘मला आधी सांगायचं होतं,’ एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसातलं सगळ्यात रास्त वाक्य तेच होतं.

रोममध्ये बसायला जागा शोधावी लागते, पाणी शोधावं लागत नाही. रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, 1870 च्या दशकापासूनचे, सुमारे अडीच हजार. तोटीच्या आकारामुळे लोक त्यांना ‘नाझोने’ म्हणजे नाकाडे म्हणतात. पाणी अखंड वाहतं, थंड असतं, पिण्यालायक असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि न वाकता पिता येतं. ही युक्ती मुलाला तिथल्याच एका पोराने खुणेने दाखवली. तोवर बाबांनी पाण्याच्या बाटल्यांवर जे काही उडवलं त्याचा हिशेब नको. त्या पोराशी बोलायला मुलगा एकटा दहा पावलं पुढे गेला होता, फोन न घेता. त्या दिवसात घरातल्या कुणी स्वतःहून लावलेला एकमेव शोध हा.

त्रेवी कारंज्यापासून कलोसियमकडे बस घेतली. रोमच्या बसमध्ये आणि मेट्रोत आता बँकेचं कार्ड टेकवून तिकीट काढता येतं. दीड युरोत शंभर मिनिटं. सोय उत्तम, फक्त एका कार्डावर एकाच माणसाचं तिकीट निघतं. बाबांनी आपलं कार्ड यंत्राला पाचदा टेकवलं, यंत्राने पाचदा टुक् केलं, सगळे निर्धास्त बसले. यंत्राच्या लेखी एकच प्रवासी पुन्हा पुन्हा आपलं तिकीट दाखवत होता. तपासनीस चढला तेव्हा पाच माणसं आणि तिकीट एक. विनातिकीट प्रवासाचा दंड माणशी पन्नास युरोंहून जास्त, तोही लगेच भरला तर. चौघांचे दोनशेच्या वर. बाबा भांडले. तपासनीस तिथल्या भाषेत शांतपणे पावत्या फाडत राहिला.

इथे बाबांची बाजूही मांडायला हवी. दुसरं कार्ड आईकडे होतं, पण परदेशात ते चालणारच नव्हतं. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवं कार्ड हाती येतं तेव्हा परदेशी व्यवहार बंद असतात. खातेदाराने ते स्वतः चालू करायचे असतात. बँकेच्या ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम, पण ‘ह्यांचं कार्ड आहे ना’ म्हणून राहिलेलं. त्यात ऑनलाइन काही घ्यायचं तर कार्ड बाबांचं, व्यवहार मुलीच्या फोनवर आणि ओटीपी बाबांच्या फ्लाइट मोडवर झोपलेल्या फोनला. कुटुंबाचा पैसाही असा एकाच खुंटीला.

कलोसियमच्या दारावरचा प्रसंग खास मराठी आहे. 2023 च्या ऑक्टोबरपासून कलोसियमच्या तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि ते ओळखपत्राशी ताडून पाहतात. तिकिटांचा काळाबाजार रोखायला हे करावं लागलं. 2025 मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने याच तिकीट-टंचाईवरून तिकीट विकणारी संस्था आणि काही सहल कंपन्यांना मिळून सुमारे 2 कोटी युरोंचा दंड ठोठावला, इतकं ते प्रकरण मोठं होतं. असो. मुलीने तिकीट काढताना आजीचं नाव लिहिलं ते घरादाराला ठाऊक असलेलं, लग्नात बदललेलं. पासपोर्टवर नाव शाळेच्या दाखल्यावरचं, म्हणजे माहेरचं. शिवाय आपल्या पासपोर्टात ‘दिलेलं नाव’ या रकान्यात नाव आणि त्यापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव वेगळ्या ओळीत. इटालियन अर्जात फक्त नाव आणि आडनाव. दारावरचा माणूस पासपोर्ट बघतो, तिकीट बघतो, आजींकडे बघतो. लग्नात मुलीचं नाव बदलण्याची प्रथा त्याला कशी समजावून सांगायची? तेही भाषांतराच्या ॲपवरून, बॅटरी अकरा टक्के असताना?

माणूस समजूतदार भेटला तर सोडतो. नाही भेटला तर आजी बाहेर, कारण तिकिटाची वेळ टळली की टळली. मुद्दा तो नाहीच. ज्या रात्री मुलगी अर्ज भरत होती त्या रात्री आजी शेजारच्याच खोलीत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. सहल त्यांना ‘घडवायची’ होती. त्यांनी त्यात काही करायचं ठरलंच नव्हतं.

रात्री पाय मोडून आले तेव्हा टॅक्सी. तिथल्या साध्या टॅक्सीत प्रवासी चार. ‘मुलगा मांडीवर बसेल’ हा आपला तोडगा ऐकून ड्रायव्हरने नुसती मान हलवली. दोन टॅक्सी कराव्या लागल्या. पहिलीत मुलगी, आई, मुलगा. दुसरीत बाबा आणि आजी. दुसऱ्या ड्रायव्हरने पत्ता विचारला. बाबा म्हणाले, ‘हॉटेल... रोमा. तेर्मिनीजवळ.’ तेर्मिनीजवळ एकाआड एक पाटीवर ‘रोमा’ हा शब्द असतो.

आता यातली खरी बोच. याच आजींनी तरुणपणी दोनदा आळंदी ते पंढरपूर वारी केली आहे. माऊलींच्या पालखीत दिंड्यांना नंबर असतात आणि जागाही ठरलेली असते, रथापुढे अमुक, रथामागे तमुक. लाखोंच्या गर्दीत चुकलेली, अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा ‘रथामागे अमुक नंबर’ एवढं सांगते आणि आपल्या माणसांत पोचते. दिंडीत कामंही वाटलेली असतात: वीणा एकाकडे, पखवाज दुसऱ्याकडे, तुळस तिसरीच्या डोक्यावर, पुढच्या मुक्कामाच्या स्वयंपाकाचं सामान भल्या पहाटे पुढे नेणारे वेगळेच. विणेकऱ्याचा मान मोठा, पण पीठही त्यानेच मळावं असं कुणी म्हणत नाही. हे शहाणपण ज्या समाजाकडे पिढ्यान् पिढ्या आहे, त्या समाजातली आजी रोमच्या रस्त्यावर आपल्या हॉटेलचं नाव सांगू शकत नाही. विसरल्यामुळे नव्हे. तिला ते कुणी सांगितलेलंच नसतं.

यावर कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसांना कशाला त्रास, त्यांना निवांत फिरू द्या. हा युक्तिवाद प्रेमाचा वाटतो, पण तो खोटा आहे. परक्या शहरात आपण कुठे राहतो हे ठाऊक नसलेलं माणूस निवांत नसतं, ते घाबरलेलं असतं. ते पोरांची पाठ सोडत नाही, एकटं बाकावर बसायला तयार होत नाही, स्वच्छतागृहात जायलाही सोबत मागतं. मग आपणच चिडतो. मुलाला तर आपण आणखी गृहीत धरतो: बाराव्या वर्षी मेट्रोचा नकाशा तो मोठ्यांपेक्षा लवकर वाचतो, तरी त्याच्या हाती देतो फक्त पाण्याची बाटली.

चोरीचा विषयही इथेच येतो. तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस खिसेकापूंसाठी बदनाम आहे. फोन जाणं वाईटच, पण पाचांपैकी एक फोन जाणं आणि एकुलता एक चालू फोन जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत तक्रार, मग तिची प्रत घेऊन व्हिया व्हेंती सेत्तेंब्रे या रस्त्यावरच्या भारतीय वकिलातीत. तिथे हातातली झेरॉक्स किती मोलाची ठरते, ते ज्याच्यावर वेळ आली त्याला विचारा. पाचही पासपोर्ट बाबांच्या कमरेच्या एकाच पाकिटात ठेवणं ही सुरक्षितता नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी जाणाऱ्यांना एक विनंती. तिकिटं काढून झाली असतील तर एका रात्री जेवणानंतर टीव्ही बंद करून सगळ्यांनी एकत्र बसा. मेट्रोचं काम मुलाकडे द्या. ताटातूट झाली तर पुढे गेलेल्याने पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच थांबायचं, मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने तिथे यायचं, हे त्यालाच सगळ्यांकडून घोकून घेऊ द्या. कपडे, बसायच्या जागा, बंद असण्याचे वार हे आईकडे किंवा बाबांकडे. म्युझियमची तिकिटं ज्याची त्याच्या हातात, कागदावर छापलेली, आणि नाव पासपोर्ट समोर ठेवून घातलेलं. दोन कार्डं, दोघांच्या नावावर, दोन्हींचे परदेशी व्यवहार चालू. मुलीकडे एखादं काम कमीच ठेवा, तिला वर बघायचं आहे.

आणि आजींसाठी एक चिठ्ठी. हॉटेलचं नाव, रस्ता आणि घर क्रमांक रोमन लिपीत, खाली तेच देवनागरीत. मुलीचा नंबर, पुढे अधिक एक्क्याण्णव लावून. युरोपातला मदतीचा नंबर: 112. सोबत वीस युरोंची एक नोट. ही चिठ्ठी लिहायला मुलीला सांगू नका. आजींना सांगा, त्यांच्याच अक्षरात लिहू द्या.